लाल झाकणाची बाटली

"आत्या, बाटली रिकामी आहे."

"मग संपली असंल."

"नवव्या दिवशी? पंधरा दिवस तरी पुरेल म्हणाला होता औषधवाला."

"त्याला काय ठावं माझा डोळा केवढा हाय त्यो," आत्या म्हणाल्या आणि काळा चष्मा नाकावर सरळ करून ओसरीवर जाऊन बसल्या.

मी स्वयंपाकघरात लाल झाकणाची ती बाटली उजेडात धरून उभी. तळाला एक थेंब होता, तोसुद्धा बाहेर यायला तयार नव्हता. मागच्या सोमवारी आत्यांच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला होता. बाटल्या दोन मिळाल्या होत्या, एक लाल झाकणाची आणि एक पांढऱ्या. लाल झाकणाचं औषध पहिल्या आठवड्यात दिवसातून सहा वेळा, मग पाच, मग चार, असं कमी करत न्यायचं होतं. पांढऱ्याचं रोज चार वेळा. एक घातल्यावर पाच मिनिटं थांबायचं आणि मगच दुसरं. हे सगळं मी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर रकाने आखून लिहिलं होतं आणि तो कागद भिंतीला लावला होता. आत्या बाहेरूनच ओरडायच्या, "घातलं गं, खूण कर." मी कणकेच्या हातानं पेन्सिल उचलून खूण करायची. एकही रकाना रिकामा नव्हता. मला त्या कागदाचा मोठा अभिमान वाटायचा.

आम्ही पटवेकरी. बार्शीत आमच्या ओसरीवरच आमचं दुकान. सोनाराकडून डागिना घडवून आणायचा आणि तो काळ्या मण्यांत, रेशमात गाठवून घ्यायला आमच्याकडे यायचं, ही गावाची रीत. आमचे हे आठवड्यातले चार दिवस परंडा, भूम, वैराग असे बाजार करत फिरतीवर असायचे. घरची गिऱ्हाइकं आत्यांची, म्हणजे गावाच्या अनसाक्कांची. अनसाक्का म्हटलं की पंचक्रोशीतल्या बायका पोत दुसऱ्या कुणाच्या हातात देत नसत. त्यांच्या हातची गाठ सुटत नाही, असं म्हणायच्या. आणि नुसती गाठच नाही. आत्यांना हातगुण होता. पोराची टाळू भरायची असो, मुरगळलेला पाय असो, कानात तेल घालायचं असो, आळीतल्या बायका म्हणायच्या, "आक्का, तुमचाच हात लागू द्या."

माझी गोष्ट उलटी. माझा हात जड. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात मी लावलेलं दही तीनदा फसलं, मी लावलेला कढीपत्ता वाळला, आणि आत्यांनी आळीसमोर शांतपणे सांगून टाकलं, "प्रमिलाचा हात जरा जडच हाय." झालं. चार वर्षं माझ्या नावाला ते शेपूट. त्यामुळे दवाखान्यातून आल्या आल्या मी "थेंब मी घालू का?" विचारलं तेव्हा आत्या घाईघाईनं म्हणाल्या, "नगं, नगं. माजं मी घालून घेईन." मला वाईट वाटलं नाही. उलट मनातल्या मनात हुश्श केलं. आत्यांचा डोळा म्हणजे घराची भाकरी, आणि ती माझ्या हातून करपायला नको होती.

तर त्या सकाळी बाटली रिकामी. नवी आणायला हवी म्हणून पिशवी शोधत होते, तेवढ्यात ओसरीवरून हौसाचा आवाज आला. हौसा आमच्या समोरची. आळीत त्या पंधरवड्यात डोळ्यांची साथ होती, आणि ती हौसाच्या घरात सगळ्यात आधी पोचली होती.

"आक्का, कालच्यानं लई बरं वाटलं बगा. रात्री डोळा चिकाटला न्हाई. आजबी घाला की दोन थेंब."

"लालवाली संपली," आत्या म्हणाल्या. "पांढरी हाय. घालू?"

"तुमच्या हातानं पानी घातलं तरी गुण येतोय."

मी पडदा जरा बाजूला केला. आत्यांनी हौसाची हनुवटी वर केली, अंगठ्यानं तिची खालची पापणी ओढली, आणि पांढऱ्या झाकणाची बाटली अशी जवळ नेली की तिचं टोक हौसाच्या चिकट पापण्यांना लागलं. थेंब पडला. हौसा म्हणाली, "आहाहा." तिच्यामागे तिच्या दोन्ही जावा पदरानं डोळे पुसत रांगेत उभ्या होत्या. आत्यांनी त्यांनाही घातलं. तेवढ्याच मायेनं, त्याच बाटलीनं.

दवाखान्यातल्या बाईंनी निघताना दोनदा बजावलं होतं, बाटलीचं टोक कशालाही लावायचं नाही, दुसऱ्या कुणाला औषध द्यायचं नाही. मी मान डोलावली होती. आत्यांनीही डोलावली होती. पण मला वाटलं, आत्या ऐकत होत्या. आत्यांना वाटलं असेल, सून ऐकतेय.

बाहेर जाऊन बाटली काढून घ्यावी असं मनात आलं. पण तीन बायकांसमोर सासूच्या हातातून औषध ओढून घेणारी सून, आणि तीही जड हाताची! संध्याकाळपर्यंत भगवंताच्या देवळापर्यंत बातमी गेली असती. मी पडद्याआड तशीच उभी राहिले. हे मला आजही आवडत नाही, पण राहिले खरी.

बायका गेल्या. मग आत्यांनी इकडे तिकडे पाहिलं. चष्मा काढला. आणि तेव्हा तो डोळा मला पहिल्यांदा दिवसाउजेडी दिसला. लालबुंद होता, कडेला पिवळट चिकटा. आत्यांनी मान मागे टाकली, बाटली वर धरली, हात थरथरायला लागला, आणि थेंब पडायच्या आत त्यांनी डोळा गच्च मिटून घेतला. थेंब गालावरून हनुवटीपर्यंत गेला. ज्या पदरानं मघाशी हौसाचं तोंड पुसलं होतं, त्याच पदरानं त्यांनी तो पुसला. आणि मग आत तोंड करून ओरडल्या, "घातलं गं. खूण कर."

मी खूण केली नाही. पडदा सारून बाहेर गेले.

"आत्या, आत या."

"का? गिऱ्हाईक येईल की."

"येऊ दे. तुम्ही आत या."

चार वर्षांत मी असं कधी बोलले नव्हते. त्यामुळेच बहुधा त्या उठून आल्या. मी दाराला कडी घातली.

"हौसाला थेंब कधीपासून घालताय?"

"पाच-सात दिस झाले. का? तिला गुण आलाय."

"तुमचं औषध आहे ते. तिचे डोळे आलेत. बाटली तिच्या डोळ्याला लागते आणि मग तुमच्या डोळ्यापाशी जाते."

आत्यांचा चेहरा कडक झाला. "माझ्या हातानं आजवर कुनाचं वाईट झालंय का गं? सांग. एकाचं तर नाव सांग."

"हाताबद्दल मी बोलतच नाही. तुमचा हात चांगलाच आहे."

"मग?"

आता ह्या 'मग'चं काय करायचं? जंतू, लागण असे शब्द मी काढले असते तर आत्यांनी ते कानाआडच केले असते. माझी नजर फळीवरच्या डब्यावर गेली. आमच्याकडे पोत गाठवून झाली की उरलेले मणी, सोन्याचे असोत की काळे, कागदाच्या पुडीत बांधून त्या बाईला परत द्यायचे, आणि ती न्यायला येईपर्यंत पुडीवर तिच्या नावाची खूण. एकीचा मणी दुसरीच्या पोतीत गेलेला आत्यांना चालत नसे. काळा मणी म्हणजे किती, मोहरीएवढा. पण एकदा ह्यांच्या हातून तसं झालं, तर आत्यांनी पूर्ण गाठवलेली पोत सोडायला लावली होती.

मी डबा काढला. त्यातली एक पुडी त्यांच्या हातात दिली.

"ही कुणाची?"

आत्यांनी बोटांनी चाचपली. "दोन गाठी हायत. वैरागच्या पाटलीणबाईची."

"ह्यातला एक मणी हौसाच्या पोतीत घालू?"

"खुळी का काय तू!"

"एकच. कुणाला कळणार आहे?"

"मला कळंल की! ज्येचं त्येला. एकीचं सवाष्णपण दुसरीच्या गळ्यात..." आत्या बोलता बोलता थांबल्या.

मी पांढऱ्या झाकणाची बाटली पुडीशेजारी ठेवली. आत्या बाटलीकडे बघत बसल्या. मग हळूच खाली, चुलीपाशी, भिंतीला टेकल्या.

"पर्मिला," त्या म्हणाल्या, "एक सांगू? माझ्या डोळ्यात एकबी थेंब गेला न्हाई."

"बघितलं मी आत्ता."

"आज न्हवं. पयल्या दिसापासनं. बाटली जवळ आली की काळजात धस्स होतंय. डोळा आपसूक मिटतोय. मला वाटलं, लोकास्नी घालून घालून हात बसंल. हौसाला घालताना बघ कसा थरथरत न्हाई. मग माझ्याच डोळ्याला का गं थरथरतोय?" मग त्या म्हणाल्या, "हातगुण दुसऱ्यासाठीच असतोय वाटतं."

आख्ख्या आळीला धीर देणारी बाई एका थेंबाला घाबरत होती आणि मी इकडे बसून पेन्सिलीनं खुणा करत होते. मला त्यांचा राग यायला हवा होता. आला तो माझाच.

"दुखतोय का डोळा?"

"काल रातीपासनं ठणकतोय."

"आणि दिसतंय?"

आत्या म्हणाल्या, "पट्टी काढली तवा लख्ख दिसत हुतं. आता पुन्हा धुरकट झालंय." आणि मग त्यांनी खरं काय ते विचारलं. "जाईल का गं डोळा?"

पिशवी मिळाली नाही, पण रिक्षा मिळाली. मी आत्यांना तशाच घेऊन दवाखान्यात गेले. दोन्ही बाटल्या रुमालात बांधून घेतल्या, पुरावा म्हणून.

डॉक्टर बिडवे हे जरा तिरसट गृहस्थ. त्यांनी यंत्रातून डोळा पाहिला, पुन्हा पाहिला, आणि विचारलं, "लाल झाकणाची बाटली नऊ दिवसांत संपली कशी?"

मी आत्यांकडे बघितलं. आत्या जमिनीकडे बघत म्हणाल्या, "वाटली."

"काय?"

"आळीत वाटली. परसादासारखी."

डॉक्टरांनी यंत्र बाजूला सारलं. मग रागावले. नीट, सावकाश रागावले. त्यातलं मला एवढं समजलं, की संसर्ग अजून वरवर होता, आत उतरला नव्हता. आणखी दोन दिवस गेले असते तर काही सांगता आलं नसतं. आणि हेही, की लाल झाकणाचं ते औषध भलत्याच डोळ्यात, भलत्या आजारात गेलं तर नुकसान करतं. हौसाला वरून बरं वाटलं तरी आतून काय चाललंय हे तपासायला हवं. "त्या सगळ्या बायकांना उद्याच्या उद्या इथं पाठवा," ते म्हणाले, "आणि त्या बाटल्या इकडे द्या." त्यांनी त्या आमच्यासमोर केराच्या डब्यात टाकल्या. पांढरी अजून अर्धी होती. आत्यांचा जीव हळहळलेला मला दिसला.

त्यांनी नवी औषधं लिहून दिली. पहिले दोन दिवस तर तासातासाला एक थेंब. "ह्यांना स्वतःला जमत नाही. घरात कोण घालणार?"

मी काही बोलायच्या आत आत्या म्हणाल्या, "ही."

"आत्या, माझा हात..."

"ही घालंल," आत्या डॉक्टरांना म्हणाल्या. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

मग डॉक्टरांनी मला शिकवलं. आधी साबणानं हात. पेशंटची मान मागे, नजर वर छताकडे. खालची पापणी हलकेच ओढली की तिथे छोटी वाटी होते, थेंब त्या वाटीत टाकायचा, बुबुळावर नाही. एकच थेंब, दुसरा वाहूनच जातो. टोक कुठे टेकवायचं नाही. मग डोळा अलगद मिटायचा, दाबायचा नाही, आणि नाकाजवळचा कोपरा बोटानं मिनिटभर धरून ठेवायचा. "बाटली उघडली ती तारीख तिच्यावर लिहा. महिना झाला की उरलेलं औषध टाकून द्या. कुणाच्याही कामाला येऊ देऊ नका," असं म्हणून त्यांनी आत्यांकडे रोखून पाहिलं.

घरी आल्यावर मी कोपरापर्यंत हात धुतले. आत्यांना धुतलेलं लुगडं नेसायला लावलं. मधल्या खोलीत चटईवर बसले आणि म्हणाले, "डोकं इथं ठेवा." आत्यांनी माझ्या मांडीवर डोकं ठेवलं. ते इतकं हलकं असेल असं मला वाटलं नव्हतं.

पहिला थेंब कपाळावर पडला.

"घाम आला का मला?" आत्यांनी विचारलं.

"नाही. औषध."

"हां. बेतानं. घाई कुनाला हाय?"

माझा हात आता जोरात थरथरायला लागला होता. दही, कढीपत्ता, सगळं एकदम आठवलं. आत्यांनी चाचपत माझं मनगट धरलं. "पर्मिला, पोत ववताना सुईकडं बघत न्हाईत. मण्याच्या भोकाकडं बघत्यात. बाटली इसर. वाटीकडं बघ."

मी मनगट आत्यांच्या कपाळाला टेकवून स्थिर केलं. पापणी ओढली. लालसर, ओलसर वाटी झाली. तिच्याकडे बघत बाटली दाबली. आत्यांचा डोळा मिटला, पण थेंब आत घेऊन मिटला.

"गार लागलं," त्या म्हणाल्या. मग जरा वेळानं, "पयल्यांदाच लागलं."

दोन दिवस आमच्या घरात दुसरं काही झालंच नाही. दर तासाला हात धुवायचे, मांडी घालायची, डोकं मांडीवर, थेंब, बोट कोपऱ्यावर. त्या मिनिटात आत्यांना हलता येत नसे, म्हणून मग त्या बोलत. त्यांचं माहेर, त्यांची सासू, लहानपणी विहिरीत पडलेली बांगडी. चार वर्षांत बोलल्या नसतील एवढं त्या दोन दिवसांत बोलल्या. खूण करायला आता मीच उठायची, आणि थेंब गालावर गेला असेल तर खूण करायची नाही.

तिसऱ्या दिवशी डोळा निवळला. हे बाजाराहून आले, आईचं डोकं बायकोच्या मांडीवर बघून दारातच थबकले आणि "मी नंतर येतो" म्हणून परत बाहेर गेले.

हौसाही आली. दवाखान्यात जाऊन आली होती, स्वतःची चिठ्ठी आणि स्वतःची बाटली घेऊन. पण सवय कुठे जाते? ओसरीच्या पायरीवर बसून तिनं डोळा वर केला. "आक्का, बाटली माझीच हाय. हात तेवढा तुमचा लावा."

"साबन लावून आलीस का?"

"आता साबनबी?"

"आदी साबन. आन् घालायचं असंल तर आमच्या पर्मिलाकडनं घालून घे."

हौसा माझ्याकडे बघून चाचरली. "पर आक्का, तुमीच म्हनायच्या की, तिचा हात जड हाय."

"हाय की," आत्या म्हणाल्या. "जड हाय म्हनूनच हालत न्हाई. थेंब बरुबर पडतोय."

हौसा हसली, मीही हसले. आणि मग साबण लावून आलेल्या हौसाच्या डोळ्यात, तिच्याच बाटलीतला एक थेंब मी घातला.

महिन्याभरानं शेवटची तपासणी झाली. डॉक्टरांनी समोरची अक्षरं वाचायला सांगितली. आत्या सगळ्यात खालच्या ओळीपर्यंत गेल्या आणि "अजून हाय का?" म्हणून विचारलं. डॉक्टर पहिल्यांदा हसताना दिसले. थेंब बंद झाले.

घरी आलो तेव्हा दुपारचं ऊन खिडकीतून मधल्या खोलीत आलं होतं. मी आत्यांचा चष्मा काढून ठेवायला वाकले, तर त्यांनी माझी हनुवटी धरली. तोंड उजेडाकडे फिरवलं. किती तरी वेळ बघत राहिल्या.

"काय झालं?"

"तुला इथं तीळ हाय की गं. ओठावर."

"जन्मापासून आहे."

"मला कुनी सांगितलं न्हाई."

मला हसू आलं. "आत्या, मला बघायला तुम्हीच तर आला होता. समोर बसला होता."

"बसले हुते. पर दिसत हुतं कुठं? तवाच दोन्ही डोळ्यांपुढं धुकं आलं हुतं. मोतीबिंदू पिकायला टाइम हाय म्हनून गप बसले. पोत काय, बोटांनी गाठवता येत्ये. पर सासूला दिसत न्हाई कळलं असतं तर माझ्या पोराला मुलगी कोन देतंय?"

चार वर्षं मी धरून चालले होते, की मला पसंत केलं ते ह्यांनी. आत्यांनी नाइलाजानं मान डोलावली असेल.

"मग पसंत कशावरून केलंत?"

"तुला पेपर वाचायला दिला हुता, आठवतंय?"

आठवत होतं. माझं शिक्षण तपासतायत असं मला वाटलं होतं.

"आदी दोन मुली बघितल्या हुत्या. दोगीबी फाडफाड वाचत्या झाल्या. चुकल्या तरी तशाच फुडं. तू एक शब्द चुकलीस. थांबलीस. मागं जाऊन पुन्ना नीट वाचलास. आन् मग फुडं गेलीस." आत्यांनी तीळ अंगठ्यानं जरा चोळून पाहिला, खरा आहे की नाही म्हणून. "मी तितंच ठरवलं. म्हटलं, हीच. तोंड कसंबी असू दे."

माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. पदर तोंडाशी नेऊन मी वळणार, तोच आत्यांनी हनुवटी घट्ट धरली.

"वळू नगंस," त्या म्हणाल्या. "बघू दे की जरा."